दोन पट्ट्यांच्या मधला सूर

चार तारा, एवढंसं खोकं आणि पाकिटावर छापलेलं ‘जी-सी-ई-ए’. हे छापलेलं थोडे दिवस बाजूला ठेवलं तर काय काय होऊ शकतं? यवतमाळमधल्या एका घरगुती प्रयोगाची ही गोष्ट.

तुमच्या ग्रुपमध्ये एकाकडे तरी युकुलेले असणार. पैज लावा! २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ज्यांनी डालगोना कॉफी घोटून घोटून हात दुखवून घेतले, त्यातल्याच कित्येकांनी ऑनलाइन एक युकुलेलेही मागवलं. गिटारपेक्षा स्वस्त, नायलॉनच्या तारा असल्यामुळे बोटं सोलवटत नाहीत आणि चार कॉर्ड्स आल्या की पार्टीपुरतं गाणं तयार. मग ऑफिसं सुरू झाली, डेडलाइन्स आल्या आणि ते बिचारं भिंतीवरच्या खिळ्याला लटकलं. फोटोत बॅकग्राऊंडला छान दिसतं, एवढाच त्याचा रोल उरला.

माझं युकुलेले मात्र पुण्याच्या फ्लॅटमधून माझ्यासोबत यवतमाळला परत आलं. फ्रीलान्सिंग काय, लॅपटॉप आणि बऱ्यापैकी नेट असलं की कुठूनही करता येतं. शिवाय बाबांचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं होतं आणि घरी कुणीतरी असणं गरजेचं होतं. इथे आल्यावर त्या चार तारांचं मी जे काही केलं, ते कुठल्याही ‘लर्न इन सेव्हन डेज’ व्हिडिओत सापडणार नाही.

पिसूची उडी

आधी थोडं या वाद्याबद्दल. युकुलेले हवाईचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मुळात ते तिथलं नाही. २३ ऑगस्ट १८७९ या दिवशी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर काम करायला निघालेली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची माणसं त्यात होती आणि त्यांच्यासोबत ‘मशेट’ नावाचं छोटं तंतुवाद्य होतं. जहाजातून आलेल्या तीन सुतारांनी, मान्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो यांनी, पुढे तिथेच वाद्यं बनवायला सुरुवात केली. हवाईच्या लोकांनी त्याला आपलं नाव दिलं. ‘उकु’ म्हणजे पिसू, ‘लेले’ म्हणजे उडी. तारांवर बोटं इतकी भराभर पळतात की पिसू उड्या मारतेय असं वाटावं, अशी त्या नावाची एक गोष्ट सांगतात.

नाव दिलं तसं ट्यूनिंगही त्यांनी आपल्या सोयीनं लावलं. आज आपण जी-सी-ई-ए हेच युकुलेलेचं ट्यूनिंग समजतो. पण १९२०च्या दशकात अमेरिकेत छापलेल्या गाण्यांच्या ढीगभर पुस्तकांत सरळ ए-डी-एफ शार्प-बी असं लिहिलेलं असायचं, म्हणजे आजच्यापेक्षा एक पूर्ण सूर वर. बॅरिटोन युकुलेले तर गिटारच्या खालच्या चार तारांसारखं, डी-जी-बी-ई असं लावतात. एवढंच कशाला, ज्या ‘ए’ला आपला क्लिप ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, तो ४४० हर्ट्झचा ‘ए’ १९३९ साली लंडनमधल्या एका परिषदेत ठरवलेला आहे. तोवर ठिकठिकाणचा ‘ए’ थोडा थोडा वेगळा होता.

म्हणजे ज्याला आपण ‘स्टँडर्ड’ म्हणतो, ती बहुतेक वेळा कुणाची तरी सवय असते. चांगली, सोयीची सवय. पण सवयच.

काळी दोन

आता बाबांकडे येते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. आयुष्यभर दोन गोष्टी नेमानं केल्या. सकाळी साडेपाचला फिरायला जाणं आणि संध्याकाळी भजन. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं काय चीज आहे, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. महाराज १९६८ साली गेले, पण त्यांची खंजिरी अजून गावोगाव वाजते. आमच्या वस्तीतल्या मंडळात दहा-बारा जण. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी, बाकी टाळ आणि टाळ्या. बाबा पुढे सांगणार आणि बाकीचे मागे धरणार. वर्षानुवर्षं सगळं ‘काळी दोन’मध्ये.

ज्यांना पट्ट्यांची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: पेटीवर पांढऱ्या सात आणि काळ्या पाच पट्ट्या असतात. गाणाऱ्याचा ‘सा’ ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी चारमध्ये.

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आवाज बदलू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. उंच सूर लावताना स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूची नस तिथूनच जाते. तिला जराही धक्का बसला तर बोलणं ठीक राहतं, पण वरचे सूर जातात. बाबांचं तेच झालं. फोनवर कुणाला फरक कळायचा नाही. भजनाला मात्र काळी दोनचा वरचा ‘सा’ यायचाच नाही. पेटीवाले काका पट्टी उतरवायला तयार होते, पण पांढरी एकमध्ये बाबांचा खालचा आवाज घोगरा व्हायचा आणि काळी एकमध्ये वरचा फाटायचा. दोन-तीन वेळा असं झाल्यावर त्यांनी जाणं बंद केलं. कारणं काय, रोजचीच. आज पाय दुखतो, आज पाऊस आहे.

एकदा मी खोदून विचारलं, तर म्हणाले, “माह्या गळ्याची पट्टी आता पेटीत नाही राहिली, बेटा.”

मला आधी ते मास्तरांचं वाक्य वाटलं. नंतर मी मोबाइलवरचं ट्यूनर ॲप सुरू केलं आणि त्यांना म्हटलं, नुसता आरामात ‘सा’ लावा. पाच दिवस, वेगवेगळ्या वेळी. आकडा दर वेळी १३४ हर्ट्झच्या आसपास. पांढरी एक म्हणजे साधारण १३१, काळी एक म्हणजे साधारण १३९. बाबांचा ‘सा’ खरोखरच दोन पट्ट्यांच्या मधे होता! पेटीत मधलं काही नसतंच. स्केल चेंजर पेटी घेतली तरी ती पूर्ण पट्टीनंच सरकते. तारेला मात्र पट्टी नसते. खुंटी पिळली की ती म्हणाल तिथे थांबते.

ढील देण्याची कला

हवाईतच याचं एक मस्त उदाहरण आहे. तिथल्या राजानं १८३०च्या सुमारास गुरं सांभाळायला मेक्सिकोकडचे गुराखी बोलावले. ते येताना गिटार घेऊन आले आणि जाताना काही गिटारी मागे ठेवून गेले, असं सांगतात. स्थानिक लोकांनी त्यांच्या तारा सैल केल्या आणि मोकळी तार छेडली तरी गोड वाजेल अशा सुरांत लावल्या. त्याला ‘स्लॅक की’ म्हणतात, म्हणजे चक्क ढिली खुंटी. आपल्याकडे व्हायोलिनचंही तेच झालं. हिंदुस्थानी संगीतवाले ते सा-प-सा-प अशा सोयीनं लावून घेतात. प्रभाकर जोगांनी ‘गाणारं व्हायोलिन’मधून मराठी गाणी वाजवली, तेव्हा हे वाद्य परदेशी आहे असं कुणाला वाटलं होतं का?

आणि आपला तंबोरा! त्याच्या चार तारा प-सा-सा आणि शेवटी खर्ज. सगळ्यात खालचा सूर शेवटी, म्हणजे सूर क्रमानं चढतच नाहीत. युकुलेलेतही वरची ‘जी’ तार मधल्या दोन तारांपेक्षा उंच असते. इंग्रजीत याला रिएन्ट्रन्ट म्हणतात. थोडक्यात, माझ्या हातातल्या खेळण्याची आणि तंबोऱ्याची दूरची का होईना, सोयरीक निघत होती.

पहिला प्रयोग फुकटचा होता. शेवटची ‘ए’ तार दोन पट्ट्या उतरवून ‘जी’वर आणली. झालं जी-सी-ई-जी, म्हणजे ‘सी’ला सा धरलं तर प-सा-ग-प. मग चारही तारा अर्ध्या पट्टीपेक्षा थोड्या कमी चढवल्या. ‘सी’ तार २६८ हर्ट्झवर, म्हणजे बाबांच्या ‘सा’च्या बरोब्बर एक सप्तक वर. ट्यूनरचा दिवा लाल. त्याला कुठलाच सूर ओळखू येईना.

बाबांनी ऐकलं. तोंड वाकडं केलं. “लय चिरकते वं हे.”

खरंच होतं. दोन्ही कडेच्या तारा एकाच उंच ‘प’वर किणकिणत होत्या. खाली काही आधारच नव्हता. मग दुसरा प्रयोग: ‘लो जी’. ही वरची तार बदलून तिच्या जागी एक सप्तक खालची, जाड तार लावायची. ती ऑनलाइन मागवावी लागली. धातूची गुंडाळी असलेली आली. आवाज भरदार, पण बोट सरकलं की चर्रकन आवाज. आम्हाला बोट सरकवायचंच नव्हतं, त्यामुळे चाललं.

तिसरी अडचण संगीताची होती. ‘ग’ची तार. बाबांच्या आवडत्या भजनात कोमल गंधार लागतो आणि आमची तार सतत शुद्ध गंधार वाजवत बसलेली. दोन सूर एकमेकांच्या अंगावर. तार एक पट्टी उतरवली की हे भजन जमायचं, पण दुसऱ्याचा घोटाळा. शिवाय शुद्ध ‘ग’ ट्यूनर सांगेल तिथे लावला तर बाबांना तो चढा वाटायचा. त्यांचा कान बरोबर होता. कानाला शांत वाटणारा गंधार हा पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट्स, म्हणजे एका पट्टीच्या सातव्या हिश्शाएवढा खाली असतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात तोच आपोआप ऐकू येतो. आपले जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कुणी न लावलेला, आपणहून उमटणारा. किती सुंदर शब्द आहे ना?

मग मी ‘ई’ तार काढूनच टाकली आणि तिथे आणखी एक ‘सी’ तार लावली. तंबोऱ्याची जोडी असते तशी जोडी. ‘सी’ तार जाड, ‘ई’ची खाच बारीक. पॉलिश पेपरची घडी करून खाच हळूहळू घासली, तेव्हा ती बसली. आता ट्यूनिंग झालं प-सा-सा-प. बोटं दाबायची गरज शून्य. नुसतं छेडत राहायचं.

चौथा प्रयोग तंगूसचा. यवतमाळ जिल्ह्यात बेंबळा, पूस, अरुणावती अशी धरणं आहेत, त्यामुळे गळ टाकणारे आहेत आणि बाजारात तंगूस मिळतो. तंगूस म्हणजे शेवटी नायलॉनच आणि युकुलेलेच्या साध्या तारासुद्धा नायलॉनच्याच. जगभरातले हौशी लोक मासेमारीचा फ्लोरोकार्बन धागा लावतात. तो नायलॉनपेक्षा घट्ट वजनाचा, त्यामुळे त्याच सुराला बारीक तार पुरते आणि आवाज खणखणीत येतो. इथे मला साधा तंगूस मिळाला, ०.७ मिलिमीटरचा. शेवटच्या तारेला लावला. मऊ, गोल आवाज आला. फक्त चार-पाच दिवस तो ताणतच राहिला. दर दहा मिनिटांनी खुंटी पिळा. नवी तार म्हणजे नवी सून, तिला घरात रुळायला वेळ द्यावा लागतो, असं आईचं म्हणणं. (आईला या सगळ्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता. पण मतं भरपूर.)

आणि हो, कापसाच्या जिल्ह्यात राहून जवारीचा प्रयोग केला नसता तर कसं चाललं असतं? तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात आणि सूर झणझणीत उघडतो. मिरजेच्या कारागिरांच्या पिढ्या या कामात गेल्यात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय टॅगही मिळाला. पण तंबोऱ्याची घोडी रुंद आणि सपाट असते, युकुलेलेची म्हणजे हाडाची बारीक कड. तिथे धागा घातला की सूर उघडायच्या ऐवजी दबतो. धागा काढून टाकला.

ॲप का नाही?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. मोबाइलवर तंबोरा मिळतो, कुठल्याही पट्टीत, अगदी मधल्यासुद्धा. आम्हीही लावून पाहिला. सूर एकदम परफेक्ट. पण बाबांचा दम मधेच संपायचा, ते थांबायचे आणि तंबोरा आपला चालूच. त्यांना घाई व्हायची. माणूस समोर बसून छेडत असला की तो थांबतो. श्वास घेऊ देतो. पुढची ओळ येतेय हे चेहऱ्यावरून त्याला कळतं.

यवतमाळच्या दक्षिणेला, पांढरकवड्याच्या पुढे आदिलाबादच्या बाजूला प्रधान समाजातले गायक गोंडांच्या पूर्वजांच्या कथा गातात. त्यांच्या हातात किंगरी असते, तीन तारांची, गजानं वाजवायची. तिला पडदे नसतात, पट्ट्या नसतात. गोंधळ्याचं तुणतुणंही असंच, एक तार आणि एक खुंटी. ही वाद्यं गाणाऱ्याच्या बाजूला बसून त्याच्या गळ्याकडे बघतात. माझ्या चिनी बनावटीच्या युकुलेलेला मी दोन महिन्यांत एवढंच शिकवलं.

रोज संध्याकाळी चहानंतर वीस मिनिटं. आधी नुसता ‘सा’. मग खालचा ‘प’. मग वर जमेल तेवढं. वरचा ‘सा’ काही परत आला नाही. डॉक्टरही म्हणालेत, आता फार बदल होणार नाही. पण मधल्या सप्तकात एक जागा अशी सापडली की तिथे आवाज ना घोगरा, ना फाटका. पहिल्यापेक्षा वेगळा, खोल. मला तर जुन्यापेक्षा आवडतो. बाबांना अजून नाही.

एका गुरुवारी ते स्वतःच म्हणाले, “तुह्यं ते खेळणं घे सोबत.”

मंडळात पेटीवाले काका तयारीत होते. “सर, काळी एक घेऊ का?”

बाबा म्हणाले, “एक भजन बिनापेटीचं होऊ द्या.”

काकांनी माझं ट्यूनिंग ऐकलं, पेटीवर पांढरी एक दाबून पाहिली, काळी एक दाबून पाहिली, मग भाता बंद केला. “हे तं दोन्हीच्या मधात हाय पोरी. माह्याजवळ ही पट्टीच नाही.” खंजिरीवाल्याचं काही अडलं नाही, त्याला पट्टी नसतेच. ढोलकीवाल्यानं दोन थापा मारून मान हलवली.

बाबांनी भजन सुरू केलं. अंतऱ्यात जिथे वर जायचं असतं तिथे ते गेलेच नाहीत. खाली थांबले, हातानं खूण केली आणि मागच्या दहा जणांनी ती ओळ वर नेली. दुसऱ्या अंतऱ्याला सगळ्यांना ते कळलं होतं, कुणी सांगावं लागलं नाही. भजन संपल्यावर पेटीवाले काका एवढंच म्हणाले, “सर, पुढच्या गुरुवारी येजा.”

तेव्हापासून ते जातात. दर वेळी माझी गरज पडत नाही. कधी ते मागे बसून टाळ वाजवतात, कधी एखादं भजन आमच्या मधल्या पट्टीत होतं आणि वरची ओळ मंडळ उचलतं. पायाचं दुखणंही थांबलंय म्हणे.

करून बघायचंय?

भिंतीवरचं युकुलेले उतरवा आणि हे ट्राय करा.

• सगळ्यात सोपा बदल: शेवटची ‘ए’ तार ‘जी’वर उतरवा. काहीही न दाबता कॉर्ड वाजेल. घरातल्या लहान मुलाच्या हातातही देता येईल.

• आधी गाणाऱ्याचा आरामाचा ‘सा’ शोधा. सकाळी उठल्या उठल्या आवाज खाली असतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी चार-पाच दिवस बघा.

• तार एका पट्टीपेक्षा जास्त चढवू नका. उतरवायची तर दोन पट्ट्यांपर्यंत ठीक, त्याखाली ती लोंबते आणि फडफडते. आणखी खाली हवं असेल तर जाड तार घ्या.

• स्टीलची तार चुकूनही लावू नका. तिचा ताण या हलक्या खोक्याला झेपत नाही, घोडी उखडून हातात येते.

• ‘लो जी’ तार घेताना पाकिटावर साइज बघा. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर यांची लांबी वेगळी, म्हणून तारही वेगळी.

• ट्यूनर फक्त सुरुवातीला वापरा. शेवटचं पिळणं कानानं करा. दोन तारा जुळत आल्या की आवाजातली लाट मंद होत जाते आणि थांबते. ती थांबली की हात काढा.

• आणि गाणारा माणूस समोर बसवा. तो थांबला की तुम्हीही थांबा.